इंजेक्शन घेतलं ना?

१९ डिसेंबर २०२४, मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. चौरंगावर कलश मांडून मी आंब्याचा डहाळा आणायला परड्यात गेले होते, तेवढ्यात लेक रडत आली. सात वर्षांची आहे. उजव्या हातानं डावा हात घट्ट धरलेला आणि बोटांच्या फटींतून रक्त फ्रॉकवर ठिबकत होतं. "पिल्लू चावलं," एवढंच म्हणाली.

आमचं गाव कृष्णाकाठचं, सातारा जिल्ह्यातलं. उसाचा हंगाम चालू होता. फडाच्या कडेला दोन दिवसांपासून एक तीन-एक महिन्यांचं पिल्लू हिंडत होतं, ते मीही पाहिलं होतं. पोरं त्याला बिस्किटं टाकत. लेकीनं नंतर सांगितलं, की ते बिस्कीट घेईना, नुसतं बघत राहिलं आणि मग एकदम हातालाच चिकटलं, सोडेना. अंगठ्याच्या बुडाशी दोन खोल भोकं पडली होती आणि मनगटावर लांब ओरखडा.

मी अंगणात पोचेपर्यंत सासूबाई तिखटाचा डबा घेऊन बाहेर आल्या होत्या. चिमूटभर तिखट जखमेत गेलंही होतं आणि पोर किंचाळत होती. "विष जळतंय त्यानं," त्या म्हणाल्या. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या धाकट्या भावाला साठ वर्षांपूर्वी कुत्रं चावलं होतं. त्याला चौदा दिवस तालुक्याला नेऊन पोटात बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं दिली होती. पोट दगडासारखं टणक व्हायचं, पोरगं रात्रभर विव्हळायचं. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत. सेम्पल नावाच्या इंग्रज डॉक्टरानं कसौलीत १९११ साली ती काढली आणि आपल्याकडे ती २००४ सालापर्यंत बनत होती. म्हणजे आज गावात जे तिशी-चाळिशीच्या पुढचे आहेत, त्या सगळ्यांच्या मनात कुत्रं चावणं म्हणजे ती चौदा इंजेक्शनं. त्यापेक्षा तिखट बरं, असं त्यांना वाटलं तर नवल नाही. चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली, हे त्यांना कुणी घरी येऊन सांगितलंच नव्हतं.

नवरा कारखान्यावर पहिल्या पाळीला, फोन लागेना. मी म्हापशाला बहिणीला फोन लावला. उचलला तिच्या मुलानं, पाचवीतला. मी काय बोलतेय ते त्यानं ऐकलं आणि अगदी कविता म्हणावी तसं म्हणाला, "मावशी, आधी साबणानं धू. नळाखाली. पंधरा मिनिटं. घड्याळ लाव. पट्टी बांधू नको. मग दवाखाना." त्यांच्या शाळेत कुत्र्यांना लस देणाऱ्या 'मिशन रेबीज' संस्थेची माणसं येऊन धडा घेऊन गेली होती. मी बारावी झालेली बाई, पोलिओच्या डोसाला घरोघर पोरं गोळा करून देणारी. मला हे ठाऊक नव्हतं आणि दहा वर्षांच्या पोराला ठाऊक होतं.

पंधरा मिनिटं म्हणजे किती असतात ते त्या दिवशी कळलं. टाकीचा नळ सोडला, लेकीला मांडीवर घेतलं आणि कपड्याच्या साबणाची वडी तिच्या हातावर फिरवत राहिले. पहिली दोन मिनिटं तिखटामुळे ती पाय झाडत होती. मग फेस गुलाबी आला, मग फिका, मग पांढरा. भोकांच्या कडा दोन बोटांनी जराशा उघडून पाण्याची धार आत जाऊ दिली. सासूबाई घड्याळ घेऊन समोर बसल्या. सातव्या-आठव्या मिनिटाला टाकीतलं पाणी संपत आलं, तेव्हा त्याच उठून पिंपातल्या घागरी आणून ओतू लागल्या. पूजेसाठी भरून ठेवलेली कळशीही त्यांनी आणली. मी काही म्हणाले नाही, त्यांनीही नाही.

रेबीजच्या विषाणूवर चरबीचं पातळ वेष्टण असतं आणि साबण ते फोडतो. कुत्र्याच्या लाळेतून जखमेत गेलेला विषाणू लगेच रक्तात मिसळून अंगभर पसरत नाही. तो आधी जखमेजवळच्या स्नायूत रेंगाळतो, मग तिथल्या नसेत शिरतो आणि नसेच्या आतून सरकत सरकत मेंदूकडे जातो. रेंगाळण्याचा तो काळ म्हणजे आपल्या हातातला वेळ. नळाखाली जेवढा वाहून गेला, तेवढा शत्रू कमी. हे सगळं मला त्या रात्री डॉक्टरांनी सांगितलं. धुताना मी फक्त घड्याळाकडे बघत होते.

तालुक्याच्या गावी एक खाजगी दवाखाना आहे, तिथे आधी गेलो, कारण तोच ओळखीचा. डॉक्टरांनी जखम बघितली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, औषध लावून घट्ट पट्टी बांधली, गोळ्या लिहिल्या. मी रेबीजचं विचारलं. "तीन महिन्यांचं पिल्लू ना? त्याला कुठला रेबीज. दहा दिवस लक्ष ठेवा, पिल्लू जिवंत राहिलं तर काही नको."

मला हायसं वाटलं, हे कबूल करते. पोरीला घेऊन स्टँडवर आले. तिथे गावातली एक बाई भेटली, तिनं विचारलं, "इंजेक्शन घेतलं ना?" मी म्हणाले, "घेतलं." आणि तोंडातून तो शब्द गेल्यावर माझं मलाच खटकलं. कुठलं घेतलं? कागद उघडून पाहिला. त्यावर धनुर्वाताचंच नाव होतं. रेबीजचं काहीच नव्हतं. आपल्याकडे कुत्रं चावलेल्या माणसाला सगळे हाच एक प्रश्न विचारतात आणि 'घेतलं' म्हटलं की सगळे सुटतात. धनुर्वाताचं घेतलं तरी घेतलंच, एक डोस घेऊन पुढचे सोडले तरी घेतलंच. या एका प्रश्नानं किती माणसं गेली असतील, देव जाणे.

शिवाय दहा दिवस लक्ष ठेवायचं ते कशावर? फडाकडेच्या पिल्लाला मालक नाही, साखळी नाही. दहा दिवसांचा नियम खरा आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासून विषाणू असतो आणि लक्षणं दिसल्यावर ते फार दिवस जगत नाही. म्हणून चावल्यापासून दहा दिवस कुत्रं धडधाकट राहिलं तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असं धरतात. पण उपचार त्या दहा दिवसांसाठी थांबवायचे नसतात. उपचार त्याच दिवशी सुरू करायचे आणि कुत्रं नीट राहिलं तर पुढचे डोस थांबवायचे की नाही ते डॉक्टरांनी ठरवायचं. पिल्लाच्या वयाचा तर काही संबंधच नाही. त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं असेल तर तेही पिसाळणार.

मी एसटीत न बसता रिक्षा करून प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. साडेचार वाजून गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रक्त आलं होतं का?" मी फ्रॉक दाखवला. ते म्हणाले, "ताई, ही तिसरी श्रेणी." प्राण्याला नुसता हात लावला किंवा धड कातडीवर त्यानं चाटलं तर पहिली, तिथे धुण्यापलीकडे काही लागत नाही. रक्त न येता बारीक ओरखडा उठला किंवा कपड्यानं न झाकलेल्या कातडीवर दात घासला तर दुसरी, तिथे लस. कातडी फाटून रक्त आलं, किंवा जखमेवर, डोळ्याला, तोंडात लाळ गेली तर तिसरी, तिथे लस आणि सिरम, म्हणजे रोगाशी लढणारे तयार घटक असलेलं औषध, दोन्ही.

लस त्यांनी लगेच दिली. मी पोटाकडे बघत होते. सिस्टरनं दोन्ही दंड उघडे करायला सांगितले. अगदी बारीक सुई, कातडीच्या वरच्या थरात जवळजवळ आडवी घातली, आणि मसुराच्या डाळीएवढा पांढरट फुगवटा उठला. एका दंडावर ०.१ मिली, दुसऱ्यावर तेवढंच. फुगवटा उठला नाही तर औषध खोल गेलं असं समजून पुन्हा टोचावं लागतं, म्हणून सिस्टर खाली वाकून नीट बघत होत्या. लेक रडलीसुद्धा नाही. पिवळ्या कार्डावर चार तारखा लिहिल्या. आज म्हणजे शून्य, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. २२ डिसेंबर, २६ डिसेंबर, १६ जानेवारी.

"पण सिरम माझ्याकडे नाही," डॉक्टर म्हणाले. "खोटं सांगून तुम्हाला घरी पाठवू शकत नाही. आज रात्रीच सिव्हिलला जा. उद्यावर टाकू नका." चिठ्ठी लिहून दिली, स्वतःच्या फोनवरून सिव्हिलला फोन लावून सिरम शिल्लक असल्याची खात्री केली. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. खरं तर प्रत्येक आरोग्य केंद्रात चार बाटल्या सिरम असायला हवं. साप चावल्याचं औषध जसं आता बऱ्याच ठिकाणी असतं, तसंच. ज्या माणसाकडे गाडी नाही आणि ज्याचा दुसऱ्या दिवशीचा रोज बुडतो, तो त्या चिठ्ठीचं काय करणार?

नवरा आला, शेजाऱ्यांची बोलेरो काढली, रात्री साडेआठला सिव्हिलला पोचलो. अपघात विभागात रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, आमच्या पुतणीएवढ्या. आधी त्यांनी पट्टी सोडवली. "कुत्र्याची जखम अशी बांधून ठेवायची नसते आणि शक्यतो शिवायचीही नसते," म्हणाल्या, आणि पुन्हा साबण-पाण्यानं धुवायला लावली. मग वजनकाट्यापाशी नेऊन पोरीचं वजन केलं. २१ किलो.

घोड्यांना लस टोचून त्यांच्या रक्तातून जे काढतात ते हे सिरम. त्यात रेबीजविरुद्ध लढणारे घटक तयार असतात. किलोला ४० युनिट या हिशेबानं लेकीला ८४० युनिट. बाटलीत एका मिलीत ३०० युनिट असतात, म्हणजे २.८ मिली. मॅडमनी हे सगळं माझ्यासमोर कागदावर मांडलं. आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर टोचून वीस मिनिटं वाट पाहिली, कारण घोड्याच्या सिरमची एखाद्याला ॲलर्जी येते. ट्रेमध्ये त्यावरचं औषध भरून ठेवलेलं होतं.

नवऱ्यानं विचारलं, "लस तर दिली, मग हे कशाला?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही शेतकरी ना? लस म्हणजे पेरणी. आज पेरलं, तर अंगात पीक उभं राहायला सात ते चौदा दिवस लागतात. तोवर घरात काय खाल? कणगीतलं. सिरम म्हणजे कणगीतलं धान्य." मग पुढे म्हणाल्या, "आणि हे दंडावर देऊन उपयोग नाही. विषाणू जिथे आहे तिथेच, जखमेत द्यायचं. नसेत शिरायच्या आत त्याला तिथेच गाठायचं."

म्हणूनच पहिल्या डोसानंतर सात दिवस उलटले की सिरम देत नाहीत. तोवर पीक उगवायला लागलेलं असतं आणि बाहेरचं धान्य ओतलं तर उलट त्याला अडथळा होतो. वजनाच्या हिशेबापेक्षा जास्तही देत नाहीत, त्याच कारणानं.

ती दहा मिनिटं मला अजून झोपेत आठवतात. नवऱ्यानं तिचे खांदे धरले, मी हात धरला. मॅडमनी सुई अंगठ्याच्या बुडाशी, एका भोकाच्या कडेनं आत घातली आणि अगदी हळू औषध सोडलं. भोकातून थोडं पाणचट बाहेर आलं. मग सुई थोडी मागे घेऊन दिशा बदलली. मग दुसरं भोक. मग मनगटाच्या ओरखड्याच्या दोन्ही बाजूंनी, टाचणीनं शिवण धरावी तसं. अंगठ्याजवळ जागा कमी असते, तिथे जास्त औषध दाबलं तर बोटाचा रक्तपुरवठा थांबायची भीती, म्हणून दर वेळी थांबून नखाचा रंग बघत होत्या. बुड फुगून पांढरं पडलं. लेकीनं माझ्या दंडाला दात रोवले. ते वळ दोन दिवस होते. मॅडमच्या कपाळावर घाम आला होता. पण जखमेच्या आजूबाजूची बोटभरही जागा त्यांनी सोडली नाही. काम झाल्यावर त्यांनीच लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर जाऊन पाणी प्यायल्या.

अर्धा तास बसवून ठेवलं, मग घरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पिल्लू बांधाच्या खाली मेलेलं सापडलं. मामंजींनी हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, खोल खड्डा काढून, चुना टाकून पुरलं. जनावरांच्या दवाखान्यात कळवलं असतं तर मेंदूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता आला असता, हे मला पुढे कळलं. त्यामुळे ते पिसाळलेलंच होतं का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण चावल्यानंतर चोवीस तासांत मेलेल्या पिल्लाबद्दल 'दहा दिवस बघू' म्हणणारा तो सल्ला मी मानला असता, तर हा विचार मनात आला की अजून हातपाय गार पडतात.

पिल्लू पुरताना शेजारचे आबा येऊन उभे राहिले. सत्तरीचे आहेत, आमच्या घरातल्यासारखेच. बघता बघता म्हणाले, "मंगळवारी माझ्या ओसरीत शिरलं होतं. हाकललं तर पायाला नख लागलं जरा." धोतर वर करून दाखवलं. नडगीवर बोटभर लांब खपली, त्यावर चुना. मी म्हणाले, "आबा, चला दवाखान्यात." ते म्हणाले, "मला या वयात काय होतंय, पोरी. तू लेकराचं बघ."

शनिवारी दोनदा सांगून पाहिलं. ऐकेनात. रविवारी लेकीचा दुसरा डोस होता. आरोग्य केंद्र बंद म्हणून सिव्हिललाच जायचं होतं. मी त्यांना म्हणाले, "आबा, पोरीला गाडीत धरायला कुणी नाही, तुम्ही चला सोबतीला." खोटंच सांगितलं. ते लगेच टोपी घालून आले.

सिव्हिलच्या वऱ्हांड्यात बाकावर बसलो होतो. समोर मोठा फलक होता, रेबीज झाल्यावर उपचार नाही, अशा अर्थाचा. आबांनी तो सावकाश वाचला. मग बराच वेळ गप्प. मग खालच्या आवाजात बोलायला लागले, लेकीला ऐकू जाऊ नये असं.

ते चौदा-पंधरा वर्षांचे असताना गावात एका गड्याला कुत्रं चावलं होतं. त्याला एका गावी नेऊन मंत्रानं उतरवून आणलं. जखम भरली, तो कामाला लागला, सगळे विसरले. दीड-दोन महिन्यांनी त्याच्या त्या जुन्या जखमेच्या जागी मुंग्या यायला लागल्या, खाजायला लागलं. ताप आला. मग पाणी पिता येईना. "पाण्याचा तांब्या नुसता समोर आणला की मान आखडायची," आबा म्हणाले. "तहान तर लागलेली. ओठ कोरडे. माझ्याकडं बघून म्हणायचा, दे रं पाणी. आणि मी दिलं की हात झाडायचा. वारं लागलं तरी तसंच. दार लावून घेतलं होतं. मधेच चांगला शुद्धीवर बोलायचा, बायकोला म्हणायचा, पोरांना जवळ येऊ देऊ नको. तिसऱ्या दिवशी गेला." मग म्हणाले, "मी खिडकीतनं बघितलंय. मला म्हणूनच यायचं नव्हतं. इथं येऊन कळलं असतं तर?"

एवढा मोठा माणूस भीतीनं घरी बसला होता आणि आम्ही समजत होतो, हट्टी आहेत. मी त्यांचा हात धरला. म्हणाले, "आबा, त्या गड्याला लक्षणं दिसली होती. तुम्हाला अजून काही झालेलं नाही. अजून वेळ आपल्या हातात आहे."

हे खरंच होतं. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुतेकांना एक ते तीन महिने जातात. कधी काही दिवस, क्वचित वर्षही. जखम मेंदूच्या जितकी जवळ, चेहऱ्याला, मानेला, तितका वेळ कमी. लहान मुलांचं तोंड कुत्र्याच्या उंचीला येतं म्हणून त्यांना जास्त धोका. पण लक्षणं दिसायच्या आधी केव्हाही आलं तरी डॉक्टर परत पाठवत नाहीत. 'आता उशीर झाला, जाऊन काय उपयोग' हे लक्षणं नसलेल्या माणसानं कधीच म्हणू नये. लक्षणं एकदा सुरू झाली की मात्र जगात कुठेच खात्रीचा इलाज नाही. घसा गिळायला गेला की त्याचे स्नायू पिळवटून आवळतात, म्हणून पाण्याची ती भीती. पोटात पिल्लं होतात, माणूस भुंकायला लागतो, हे सगळं खोटं आहे. आबांनी खिडकीतून जे पाहिलं, ते खरं.

त्या दिवशी ड्यूटीला दुसरे डॉक्टर होते. आबांच्या नडगीवरचा चुना धुऊन काढला, साबणानं पुन्हा धुतलं, मग स्पिरिटचा बोळा फिरवला. आबा "स्स" म्हणाले. "झोंबलं म्हणजे कातडी फाटलीय," डॉक्टर म्हणाले. "खपली आहे म्हणजे रक्तही आलं होतं, आजोबा. तिसरी श्रेणी." आबांच्या वजनाला सात मिलीच्या वर सिरम निघालं, पण नडगीवर मांस किती असणार. त्या ओरखड्याभोवती मावलं तेवढं दिलं. आबांनी डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते, विठ्ठल विठ्ठल. दंडावर दोन फुगवटे उठले, तेव्हा लेकीनं त्यांना सांगितलं, "आबा, हे मसूर दुपारी जातात."

त्यांच्या तारखा आमच्यापेक्षा तीन दिवस मागे. पुढचा महिनाभर आमच्या घरातलं कालनिर्णय दोन रंगांच्या गोलांनी भरलं होतं. लाल लेकीचे, निळे आबांचे.

२६ तारखेला आरोग्य केंद्रात गेलो तर शेजारच्या वाडीतली वीस-पंचवीस माणसं रांगेत. एका म्हशीला कुत्रं चावलं होतं आणि तिचं दूध सगळ्यांच्या घरी जात होतं. डॉक्टर एकेकाला समजावत होते, की दुधातून माणसाला रेबीज झाल्याचा पुरावा नाही, आणि आपण दूध उकळून पितो. काही जण पटून गेले, काही हटून बसले. त्या रांगेत शेवटी एक बाई उभी होती. तिच्या नवऱ्याला खरोखर कुत्रं चावलं होतं आणि तो घरीच होता. दुधाची भीती गावभर पसरते आणि दाताचा व्रण धोतराखाली झाकलेला राहतो, हे मी त्या महिन्यात दोनदा पाहिलं. डॉक्टरांनी त्या बाईला तशीच गाडी देऊन नवऱ्याला आणायला पाठवलं.

मधल्या काळात नवरा घाबरला होता. कारखान्यातल्या एकाला पाच डोस दिले होते, चौदाव्या दिवशीही. आपल्या पोरीला चौदाव्याचा नाही, काही चुकलं तर नाही? सिस्टरनी समजावलं. स्नायूत पूर्ण मात्रेची लस दिली तर पाच डोस, ०, ३, ७, १४, २८. कातडीत दिली तर चार, दर वेळी दोन्ही दंडांवर. लस तीच, आणि तेवढीच पक्की. कातडीत दिल्यानं एका बाटलीत जास्त माणसं भागतात. ढुंगणावर मात्र ही लस कधीच देत नाहीत, तिथे चरबीत ती नीट लागू पडत नाही.

१६ जानेवारीला, संक्रांतीनंतर दोन दिवसांनी, लेकीचा शेवटचा डोस झाला. तिनं सिस्टरना तिळगूळ दिला, डब्यात आणखी एक वडी होती ती सिव्हिलच्या मॅडमसाठी म्हणून ठेवून घ्यायला लावली. सिस्टरनी कार्डावर सही केली आणि म्हणाल्या, "हे कार्ड जपा. पुढे कधी पुन्हा चावलं तर सिरम लागणार नाही, फक्त दोन डोस, शून्य आणि तिसऱ्या दिवशी. पण कार्ड दाखवलंत तर." ते मी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय. आबांचंही तिथेच आहे, त्यांनीच आणून दिलं.

बहिणीशी बोलताना तिनं गोव्याचं सांगितलं. तिथे माणसं जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरतात, भटक्या कुत्र्याला पकडून लस देतात, पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात आणि सोडतात. २०२१ मध्ये गोवा सरकारनं राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यापासून येतो, आणि वस्तीतल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दर वर्षी लस मिळाली तर त्यांच्यातली साखळी तुटते. म्हणजे माझ्या लेकीच्या अंगठ्यात ती सुई जायच्या किती तरी आधी हे थांबवता येतं, कुत्र्याच्या मानेत एक सुई टोचून.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. आधी कधी बोलले नव्हते. आबा मागून मोठ्यानं म्हणाले, "तिला बोलू द्या." ठराव झाला. मार्चमध्ये जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर दोन दिवस आले आणि गावातल्या ४१ कुत्र्यांना लस टोचली. ज्यांना मालक आहेत ती मिळाली, ज्यांना भाकरी टाकणारं कुणी आहे तीही मिळाली. लेकीनं हट्ट धरून गेरूचं पाणी करून आणलं आणि प्रत्येकाच्या पाठीवर बोट ओढलं.

त्या पिल्लाची आई सापडली नाही. काळी, एक कान फाटलेली. ऊसतोड संपल्यावरही ती ओढ्याच्या बाजूला राहिली. माणूस दिसला की लांब जाते. आबा रोज संध्याकाळी ओढ्याच्या काठावर भाकरी ठेवतात आणि वीस पावलं मागे सरकून बसतात. परवा मला म्हणाले, आता पंधरा पावलांवर आलीय. डॉक्टरांना विचारून ठेव, एक डोस राखून ठेवता येईल का.